उपहासाचा अर्थ कोणाच्या स्वाधीन?

१

विनोदाविषयी मराठीत जी चर्चा आजवर झाली तीत उपहासाला नेहमीच मानाचे पान मिळाले आहे. निव्वळ विनोद मन रिझवितो आणि उपहास मन सुधारतो, अशी एक वाटणी आपल्या समीक्षेने मनाशी पक्की बांधून ठेवली आहे. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांनी ‘सुदाम्याचे पोहे’ लिहिले ते भाबड्या रूढींवर कोरडे ओढण्यासाठी, हे आपण बी. ए.च्या वर्गात शिकतो आणि एम. ए.च्या वर्गात शिकवितो. त्या कोरड्यांचे वळ नेमके कोणाच्या पाठीवर उठले, हा प्रश्न मात्र सहसा कोणी विचारीत नाही. कोल्हटकरांचा सुदामा स्वतः रूढीचा कैवारी म्हणून बोलतो. बंडूनाना आणि पांडूतात्या त्याला साथ देतात. आणि त्यांच्या बोलण्यातली विसंगती वाचकाने ओळखावी अशी लेखकाची अपेक्षा असते. ज्या वाचकाला त्या बोलण्यात विसंगती दिसलीच नाही त्याचे काय झाले असेल? ग्रंथरूप वाङ्मयाच्या बाबतीत या प्रश्नाला उत्तर मिळणे दुरापास्त आहे. वाचक थोडे, बहुतेक लेखकाच्याच विचारांचे, आणि त्यांच्या प्रतिक्रियेची नोंद कोणी ठेविलेली नाही.

दूरचित्रवाणीने ही अडचण बऱ्याच अंशी दूर केली. येथे श्रोत्यांची संख्या लक्षावधींनी मोजावी लागते, त्यांत सर्व मतांची माणसे असतात, आणि निदान काही मालिकांच्या बाबतीत त्यांना काय समजले याची पद्धतशीर चौकशी झालेली आहे. म्हणून दूरचित्रवाणीवरील विनोदी मालिकांकडे केवळ करमणुकीचा एक प्रकार म्हणून न पाहता उपहासविषयक आपल्या समजुती तपासून घेण्याची एक संधी म्हणून पाहावे, असे मला वाटते. प्रस्तुत लेखात तीन मालिकांचा विचार केला आहे: एक अमेरिकन, एक इंग्लिश आणि एक भारतीय. तिन्ही मला आवडतात, हे आरंभीच सांगून टाकणे बरे. कारण पुढे जे म्हणावयाचे आहे ते या आवडीला फारसे सोयीचे नाही.

२

प्रथम थोडा तात्त्विक विचार. उपहासात शब्दांचा सरळ अर्थ सोडून उलट अर्थ घ्यावयाचा असतो, ही गोष्ट आपल्या साहित्यशास्त्राला चांगली परिचित होती. ‘काव्यप्रकाशा’च्या चौथ्या उल्लासात, वाच्यार्थ सर्वस्वी टाकून द्यावा लागतो अशा ध्वनीचे उदाहरण म्हणून मम्मटाने एक श्लोक दिला आहे. त्यात अपकार करणाऱ्या माणसाचे आभार मानलेले आहेत, त्याच्या सौजन्याची थोरवी गायिली आहे, आणि त्याला दीर्घायुष्य चिंतिले आहे. हे सर्व उलटे घ्यावयाचे, हे मम्मटाच्या वाचकाला कळते. ते का कळते? समोरच्याने अपकार केला आहे हे त्याला आधीच ठाऊक असते म्हणून. ही पूर्वमाहिती काढून टाकली की श्लोकात उरते ते केवळ एक आभारपत्र.

या उदाहरणातील एक बारकावा आपल्या टीकाकारांकडून दुर्लक्षित राहिला आहे. ज्याला उद्देशून हे बोलणे आहे त्या अपकारकर्त्याला स्वतःला ते कसे लागेल? आपण अपकार केला अशी त्याची स्वतःची समजूत असेल तर शब्द झोंबतील. पण आपण उपकारच केला असे त्याला प्रामाणिकपणे वाटत असेल, तर तो आभार स्वीकारून समाधानाने घरी जाईल. आणि समाजाला त्रास देणारी बहुसंख्य माणसे या दुसऱ्या प्रकारची असतात. साहित्यशास्त्राने ‘सहृदय’ श्रोता गृहीत धरून ही अडचण ओलांडली. काव्यापुरते ते चालण्यासारखे होते. सामाजिक परिणामाचा प्रश्न विचारताच ते चालेनासे होते, कारण तेथे खरे काम असते ते असहृदयाशी.

आधुनिक अर्थविचारही फिरून याच ठिकाणी येतो. पॉल ग्राइस यांनी १९६७ मधील व्याख्यानांत उपरोधाचा उलगडा संभाषणाच्या संकेतभंगातून केला: वक्ता उघड उघड असत्य बोलतो, म्हणून श्रोता दुसरा अर्थ शोधू लागतो. डॅन स्पर्बर आणि डिअर्ड्र विल्सन यांनी १९८१ मध्ये या उपपत्तीला वेगळे वळण दिले. त्यांच्या मते उपरोधिक विधान करताना वक्ता दुसऱ्या कोणाच्या तरी विधानाचा प्रतिध्वनी काढतो आणि त्याच वेळी त्या विधानाविषयीची आपली तुच्छता सूचित करतो. म्हणजे उपरोधात दोन घटक आले, प्रतिध्वनी आणि अभिवृत्ती. पहिला शब्दांत असतो. दुसरा बहुधा काकूत, मुद्रेत, प्रसंगाच्या रचनेत असतो. प्रतिध्वनी सर्वांना ऐकू जातो, अभिवृत्ती सर्वांना ऐकू जातेच असे नाही. ज्याचे स्वतःचे मत त्या प्रतिध्वनीत उमटले आहे त्याला आपलेच मत एका चांगल्या नटाच्या तोंडून, मोठ्याने आणि ठसक्यात ऐकावयास मिळते. त्याला राग येण्याचे काहीच कारण नाही.

३

हा निव्वळ तर्क नव्हे, याचा प्रत्यय पहिल्या उदाहरणात येतो. जॉनी स्पाइट यांनी लिहिलेली ‘टिल डेथ अस डू पार्ट’ ही मालिका १९६६ पासून बी.बी.सी.वर सुरू झाली. लंडनच्या पूर्व भागातील कष्टकरी वस्तीत राहणारा आल्फ गार्नेट हा तिचा नायक. राजनिष्ठ, हेकट, परक्या वर्णाच्या आणि परक्या धर्माच्या प्रत्येक माणसाविषयी तोंड सोडून बोलणारा. भूमिका करणारे वॉरन मिचेल स्वतः ज्यू होते आणि डाव्या विचारांचे होते. परकीयांची तुम्ही चांगली खरडपट्टी काढता म्हणून एखादा प्रेक्षक आपल्याला शाबासकी देतो, आणि खरडपट्टी तुझ्यासारख्यांची चालली आहे हे त्याला समजावून सांगावे लागते, असा अनुभव ते सांगत असत.

याच मालिकेवरून नॉर्मन लिअर यांनी अमेरिकेत ‘ऑल इन द फॅमिली’ बेतली. ती १२ जानेवारी १९७१ रोजी सुरू झाली, १९७९ पर्यंत चालली, आणि त्यांतील सलग पाच वर्षे तेथील सर्वाधिक पाहिली जाणारी मालिका ठरली. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातील आर्ची बंकर, त्याची भोळी पण मनाने निर्मळ पत्नी एडिथ, मुलगी ग्लोरिया आणि उदारमतवादी जावई माइक, या चौघांचा हा संसार. आपल्या पूर्वग्रहांवर विनोदाचा झोत टाकून ते किती पोरकट आहेत हे दाखवावे असा मालिकेचा हेतू असल्याचे निवेदन पहिल्या प्रक्षेपणाच्या आधी पडद्यावर दाखविण्यात आले होते. उपहासाला स्वतःची फोड करून सांगावी लागली, हीच गोष्ट मोठी सूचक आहे.

मालिका सुरू होऊन वर्षही झाले नव्हते तोच लॉरा हॉब्सन या कादंबरीकर्तीने सप्टेंबर १९७१ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये तिच्यावर एक दीर्घ टीकालेख लिहिला. ज्यूद्वेषावरील ‘जंटलमन्स अॅग्रीमेंट’ या १९४७ च्या कादंबरीच्या लेखिका म्हणून त्यांचा या विषयातला अधिकार मोठा होता. त्यांचा आक्षेप भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्याने लक्षपूर्वक वाचावा असा आहे. आर्ची ज्यूंना आणि कृष्णवर्णीयांना जी नावे ठेवतो ती, त्यांच्या म्हणण्याप्रमाणे, निवडून घेतलेली सौम्य नावे आहेत. खरा द्वेष्टा जे शब्द वापरतो ते त्याच्या तोंडी कधीच येत नाहीत. ते आले असते तर प्रेक्षकाला हसू आले नसते. अर्थात द्वेष धुऊन, इस्त्री करून, घरात आणण्याजोगा केला गेला.

मराठी वाचकाला हा मुद्दा पटण्यास वेळ लागू नये. जातीचे नुसते नाव, जातीवरून पाडलेले टोपणनाव आणि जातिवाचक शिवी या तीन पायऱ्या आपल्या भाषेत स्पष्ट आहेत. आपल्याकडील पुष्कळसा ‘खेळकर’ विनोद मधल्या पायरीवर उभा असतो. तेथून शिवी ऐकू येत नाही, आणि तरीही शिवीमागील समजूत शाबूत राहते. हॉब्सन यांना लिअर यांनी त्याच पत्रात उत्तर दिले. आर्चीच्या लकबी त्यांनी स्वतःच्या वडिलांवरून घेतल्या होत्या. पूर्वग्रह बाळगणारा माणूस राक्षस नसतो, तो पुष्कळदा आपल्याच घरातला आणि आपल्या प्रेमाचा असतो, अशी त्यांची भूमिका होती. तीही खोटी म्हणता येत नाही. किंबहुना राक्षस रंगविला असता तर कोणत्याच प्रेक्षकाने त्याच्याशी आपले नाते ओळखले नसते. येथे उपहासकर्त्यापुढचा पेच पुरता उघड होतो: पात्र लोभस केले तर त्याचे मतही लोभस होते, आणि पात्र ओंगळ केले तर आरसा निरुपयोगी होतो.

नील विडमार आणि मिल्टन रोकीच या मानसशास्त्रज्ञांनी १९७४ मध्ये या वादाची प्रत्यक्ष चौकशी प्रसिद्ध केली. अमेरिकेतील २३७ किशोरवयीन मुलामुलींना आणि कॅनडातील १३० प्रौढांना त्यांनी प्रश्न विचारले. पूर्वग्रह कमी असलेल्यांना आणि अधिक असलेल्यांना मालिका सारखीच विनोदी वाटली. परंतु पूर्वग्रह अधिक असलेल्यांना आर्ची अधिक प्रिय होता, वादात अखेर त्याचीच सरशी होते असे त्यांना अधिक वाटत होते. आणि अमेरिकन मुलांत तरी असेच प्रेक्षक मालिका अधिक नियमाने पाहत होते. पुढे २००९ मध्ये हेदर लामार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्टीफन कोल्बेअर यांच्या कार्यक्रमाविषयी ३३२ जणांची जी पाहणी प्रसिद्ध केली तिचा निष्कर्षही याच जातीचा आहे. कोल्बेअर पुराणमतवादी निवेदकाचे सोंग आणीत. उदारमतवादी प्रेक्षकांना ते सोंग वाटले. पुराणमतवाद्यांचा कल मात्र, हा माणूस थट्टेचे नुसते ढोंग करतो आणि मनातले खरेच बोलतो, असे समजण्याकडे अधिक होता. आणि दोन्ही पक्षांना कार्यक्रम सारखाच मजेदार वाटला.

या निष्कर्षांचा अतिरेकी अर्थ काढणे योग्य होणार नाही. विडमार-रोकीच यांनी एका वेळचे मत मोजले आहे. मालिका पाहून कोणाचा पूर्वग्रह वाढला किंवा घटला हे त्यांनी मोजलेले नाही. तेव्हा मालिकेने द्वेष पसरविला असा निर्णय त्यावरून देता येत नाही. इतके मात्र निश्चित म्हणता येते की हशा हा समजुतीचा पुरावा होऊ शकत नाही. या बाबतीत मराठीची विभक्तिव्यवस्था उपयोगी पडते. ‘आम्ही आर्चीला हसलो’ आणि ‘आम्ही आर्चीच्या बोलण्याने हसलो’ या दोन वाक्यांत फरक आहे. पहिल्यात तो हास्याचा विषय आहे, दुसऱ्यात त्याचे बोलणे हास्याचे कारण आहे. प्रेक्षागृहात उठलेल्या हशाला विभक्तिप्रत्यय नसतो. तो कोणत्या वाक्याचा आहे हे ध्वनिमुद्रणावरून कळत नाही.

शिवाय संवादाच्या बांधणीतच एक दोष राहून गेला आहे, आणि तो माझ्या मते निर्णायक आहे. आर्चीच्या तोंडी चुकीचे शब्द, वेडीवाकडी वाक्ये आणि चटकन सुटणारे तडाखे आहेत. माइकच्या तोंडी युक्तिवाद आहे. विनोदी संवादात हशा ज्याच्या पाळीवर संपतो तो त्या फेरीचा विजेता ठरतो, मग तर्काने कोणीही जिंकलेला असो. माइक बरोबर असतो आणि आर्ची मजेदार असतो. प्रेक्षकाच्या ध्यानात दुसरी गोष्ट राहते. मालिकेतील सर्वांत परिणामकारक प्रसंग ते आहेत जेथे उत्तर माइककडून येत नाही, एडिथकडून येते. कारण ती वाद घालीत नाही, सरळ बोलते, आणि आर्चीला त्यावर तडाखा सुचत नाही. ती शांतता हेच मालिकेतील खरे खंडन होय.

४

दुसरे उदाहरण अगदी वेगळ्या प्रकृतीचे. अँटनी जे आणि जॉनथन लिन यांची ‘येस मिनिस्टर’ ही मालिका फेब्रुवारी १९८० मध्ये बी.बी.सी.वर सुरू झाली. तिचा उत्तरभाग ‘येस, प्राइम मिनिस्टर’ १९८६ ते १९८८ या काळात झाला. मंत्री जिम हॅकर, त्यांच्या खात्याचे सचिव सर हम्फ्री अॅपलबी आणि दोघांच्या कात्रीत सापडलेला खासगी सचिव बर्नार्ड वूली, एवढ्या तिघांवर तिचा डोलारा उभा आहे. यात शिवीगाळ नाही, वर्णद्वेष नाही, आणि विनोदाचे साधन जवळजवळ संपूर्णपणे भाषिक आहे.

सर हम्फ्रींचे वाक्य हा या मालिकेचा खरा नायक. प्रश्नाचे उत्तर ‘होय’ किंवा ‘नाही’ एवढेच असते. परंतु ते उत्तर पोटवाक्यांच्या, अपवादांच्या आणि अपवादांवरील अपवादांच्या अरण्यात असे काही दडविले जाते की वाक्य संपेपर्यंत प्रश्नच विसरला जावा. कर्ता लोपतो, क्रियापदाचे नाम होते, आणि जबाबदारी कोणाच्याच अंगावर राहत नाही. विशेषणांचाही एक गुप्त कोश आहे: मंत्र्याचा निर्णय ‘धाडसी’ आहे असे सचिव म्हणाले की मंत्र्याच्या कपाळावर घाम येतो, कारण त्या शब्दाचा अर्थ निवडणूक हातची जाणे असा आहे. रुग्ण नसलेले पण शेकडो कर्मचारी असलेले सुसज्ज रुग्णालय एका भागात येते. आणि ते कार्यक्षम का म्हणावे याचे सर हम्फ्रींकडे निर्दोष समर्थन असते.

ही भाषा मराठी वाचकाला परकी वाटत नाही. १९६४ च्या राजभाषा अधिनियमानंतर आपण जी प्रशासकीय मराठी घडविली तिच्यात ‘प्रकरण विचाराधीन आहे’ असे म्हटले जाते तेव्हा विचार करणारा कोण, हे वाक्याला विचारून उपयोग नसतो. ‘योग्य त्या कार्यवाहीस्तव सादर’ या शब्दांत कागद पुढे जातो, कार्यवाही जात नाही. २००१ मध्ये ‘जी मंत्रीजी’ या नावाने या मालिकेचे हिंदी रूपांतर झाले, त्यात फारुख शेख मंत्री झाले होते. मूळ इंग्लिश प्रसंग आपल्याकडे फारशी ओढाताण न करता बसविता आले, याचे श्रेय रूपांतरकारांइतकेच आपल्या कचेऱ्यांनाही दिले पाहिजे.

आता परिणामाचा प्रश्न. ज्यांचा उपहास झाला त्यांनी या मालिकेला डोक्यावर घेतले. पंतप्रधान मार्गारेट थॅचर यांची ती विशेष आवडती होती. जानेवारी १९८४ मध्ये एका पुरस्कार-समारंभात त्यांनी स्वतः पॉल एडिंग्टन आणि नायजेल हॉथॉर्न यांच्याबरोबर एक लहानसा प्रवेश करून दाखविला; त्यात पंतप्रधान अर्थशास्त्रज्ञांना रद्द करण्याचा हुकूम सोडतात. पुरस्कार देणारी संस्था मेरी व्हाइटहाउस यांची, म्हणजे ज्या बाईंनी ‘टिल डेथ अस डू पार्ट’विरुद्ध मोहीम चालविली होती त्यांची. त्या मोहिमेच्या काळातच स्पाइट यांनी १९६७ मधील एका भागात आल्फ गार्नेटला व्हाइटहाउस बाईंच्या पुस्तकाचा भक्त म्हणून दाखविले होते. एका उपहासाने ज्यांना चिडविले त्यांनीच दुसऱ्या उपहासाला हार घातला, हा योग ध्यानात ठेवण्यासारखा आहे.

याचे कारण पुन्हा प्रतिध्वनीच्या उपपत्तीतच सापडते. मंत्र्यांना या मालिकेत सचिवांची फजिती दिसली, सचिवांना मंत्र्यांची. नागरिकांना दोघांची दिसली. ज्याने त्याने दुसऱ्याकडे बोट दाखविले, आणि बोट दाखविण्यास जागा प्रत्येकालाच होती. थॅचर यांचे सरकार नोकरशाही आटोक्यात आणण्याच्या घोषणेवर उभे होते. मालिकेने त्या घोषणेला आयतेच चित्र मिळवून दिले. राजकारणी आणि अधिकारी हेही बाजारातल्या माणसांप्रमाणे स्वहितच पाहतात, या अर्थशास्त्रीय विचारसरणीचा आपल्या लेखनावर प्रभाव होता, हे जे यांनी पुढे सांगितले आहे. तेव्हा वरवर सर्वांना सारखाच चिमटा काढणारा हा उपहास एका विशिष्ट धोरणाच्या बाजूने वाहत होता, असे म्हणण्यास जागा आहे.

असे असले तरी या मालिकेचा एक परिणाम मला निःसंशय हितकर वाटतो. तिने एका अनामिक गोष्टीला नाव दिले. ‘सर हम्फ्री’ हे विशेषनाम इंग्रजीत सामान्यनाम झाले. जे वाक्य पूर्वी केवळ थकवा आणीत असे ते ऐकताच आता ऐकणारा मनात म्हणू शकतो, हे ‘त्या’ जातीचे वाक्य आहे. यामुळे अधिकारी सुधारला नाही. परंतु ऐकणाऱ्याच्या शब्दसंग्रहात भर पडली, आणि ही भर क्षुल्लक नव्हे.

५

तिसरे उदाहरण आपल्या अधिक जवळचे. शिक्षणाने अभियंता असलेल्या जसपाल भट्टी यांची ‘फ्लॉप शो’ ही मालिका १९८९ मध्ये दूरदर्शनवर झाली. तिचे भाग अवघे दहा. साधने तुटपुंजी, नेपथ्य बेताचे, भाषा पंजाबी वळणाची हिंदी. शेवटी एखाद्या सिनेगीताचे विडंबन. सरकारी प्रसारमाध्यमावरून सरकारी कंत्राटे, रुग्णालये आणि कार्यालये यांची टवाळी होत होती, हे त्या काळी अनेकांना नवलाचे वाटले. भट्टी भागाभागांत निरनिराळ्या भूमिका करीत, आणि बहुधा गैरवर्तन करणारी व्यक्ती तेच असत. त्यांच्या अभिनयाची खूण म्हणजे निर्विकार मुद्रा. लाच मागतानाही ते रास्त मागणी करीत असल्यासारखे दिसतात. आर्चीप्रमाणे त्यांचे पात्र तडाखे मारीत नाही, म्हणून हशा त्याच्या पदरात पडत नाही; तो प्रसंगाला मिळतो. स्पर्बर-विल्सन यांच्या परिभाषेत सांगावयाचे तर येथे अभिवृत्ती काकूत नाही, काकूच्या अभावात आहे.

या मालिकेतील एका भागात पीएच.डी.चा मार्गदर्शक आणि त्याचा संशोधक विद्यार्थी यांचे चित्रण आहे. विद्यार्थ्याने प्रबंध लिहावयाचा, पण तत्पूर्वी मार्गदर्शकाच्या घरची कामे उरकावयाची, असा त्या दोघांतला अलिखित करार. काही वर्षांपूर्वी उपरोधाच्या अर्थविचारावरील एका वर्गात मी हा भाग विद्यार्थ्यांना दाखविला. वर्ग मनसोक्त हसला. त्या दिवशी सहज येऊन बसलेले एक ज्येष्ठ अध्यापक सर्वांत मोठ्याने हसले, आणि नंतर एका अन्य विद्यापीठातील मार्गदर्शकांच्या कथा त्यांनी रंगवून सांगितल्या. त्यांच्या स्वतःच्या मार्गदर्शनाखालील विद्यार्थी त्याच वेळी त्यांच्या घरच्या कुठल्या कामासाठी शहरात फिरत होता हे वर्गातील निम्म्या मुलांना ठाऊक होते. त्यांना ते आठवले नसावे.

त्यांच्याविषयी मनात नापसंती घेऊन मी घरी जाणार एवढ्यात एका विद्यार्थिनीने प्रश्न विचारला: पुस्तकाच्या शेवटी जी शब्दसूची असते ती करण्याचे काम घरकामात मोडते की संशोधनात? माझ्या पहिल्या पुस्तकाची शब्दसूची एका संशोधक विद्यार्थ्याने तीन महिने खपून केली होती. प्रस्तावनेत मी त्याचे आभार मानले होते. मम्मटाच्या श्लोकातील आभारांहून ते फारसे वेगळे नव्हते, एवढेच की माझे प्रामाणिक होते. भट्टींचा तो भाग मी तोवर निदान पाच वेळा पाहिला होता, आणि पाचही वेळा मला ती शब्दसूची आठवली नव्हती. उपहासाने जे साधले नाही ते एका सरळ प्रश्नाने साधले.

आणि तरीही उपहास निष्फळ ठरला असे मला म्हणता येत नाही, कारण तो प्रश्न त्या विद्यार्थिनीला सुचला तो हा भाग पाहूनच. पुढील वर्षभर त्या वर्गात ‘भाजीची पिशवी’ हा एक शब्दप्रयोग रूढ झाला. मार्गदर्शकाने सांगितलेले कोणतेही संशोधनबाह्य काम म्हणजे भाजीची पिशवी. एकाने तर, मी सहज सोपविलेल्या एका कामाविषयी, सर, ही पिशवी तर नव्हे ना, असे हसत विचारले. आणि ती पिशवीच होती. त्या शब्दाखेरीज हा प्रश्न विचारणे त्याला शक्य झाले नसते. गुरूपुढे तक्रार मांडण्यासाठी आपल्या भाषेत जी वाक्ये उपलब्ध आहेत ती एकतर विनवणीची आहेत किंवा भांडणाची.

६

या तिन्ही उदाहरणांवरून जो निष्कर्ष निघतो तो व्याकरणाच्या परिभाषेत मांडता येईल. मम्मटाच्या श्लोकात उपहासाचे लक्ष्य द्वितीय पुरुषात आहे. कवी अपकारकर्त्याशी समोरासमोर बोलतो. दूरचित्रवाणीवर, आणि खरे तर कोल्हटकरांपासून सर्व सार्वजनिक उपहासात, लक्ष्य तृतीय पुरुषात जाते. ‘तू’चा ‘तो’ झाला की प्रत्येक श्रोत्याला पळवाट मिळते, कारण ‘तो’ म्हणजे नेहमी कोणीतरी दुसरा. म्हणून उपहासाने लक्ष्यभूत माणूस सुधारतो या समजुतीला मला आधार सापडत नाही. आर्चीचे चाहते सुधारले असा पुरावा नाही, सचिव सुधारले नाहीत, आणि मार्गदर्शकांविषयी वर सांगितलेच आहे.

उपहासाचा खरा लाभार्थी निराळाच आहे. ज्याला त्रास होतो पण त्या त्रासाला नाव देता येत नाही असा जो मुका साक्षीदार प्रत्येक प्रसंगात उभा असतो, त्याला उपहास शब्द पुरवितो. हे कार्य पार पडते की नाही यावर उपहासाचे मूल्यमापन व्हावे असे मी सुचवितो. एखादी विनोदी मालिका तपासताना ती किती निर्भीड आहे किंवा तिने किती जणांना चिडविले, एवढे पाहून भागणार नाही. हशा कोणाच्या पाळीवर संपतो, हे पाहावे. ज्याची टवाळी चालली आहे त्यालाच सर्व चटकदार वाक्ये बहाल झालेली नाहीत ना, हे पाहावे. आणि मालिका संपल्यावर प्रेक्षकाच्या हाती एखादा वापरता येण्याजोगा शब्द राहतो की केवळ हसल्याचे समाधान राहते, हे पाहावे. या कसोट्यांवर ‘ऑल इन द फॅमिली’ अंशतः उतरते, ‘येस मिनिस्टर’ बरीच उतरते, आणि ‘फ्लॉप शो’चा तो एक भाग, त्याच्या साऱ्या कच्चेपणासह, पूर्ण उतरतो.

शब्द मिळाला म्हणजे अन्याय दूर झाला असे अर्थात नाही. त्या विद्यार्थ्याचा प्रश्न ऐकून घेण्याची तयारी माझ्या ठिकाणी नसती तर ‘भाजीची पिशवी’ हा त्यांच्या आपापसांतल्या थट्टेचाच विषय राहिला असता, आणि पिशवी माझ्या घरी येत राहिली असती. उपहास साक्षीदाराला वाचा देतो. त्या वाचेला कान देण्याचे काम विनोदी मालिकेचे नाही, ज्यांच्या हाती अधिकार आहे त्यांचे आहे. आपल्या विभागापुरते बोलावयाचे तर ते आपले आहे. माझ्या त्या पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघाली तेव्हा मुखपृष्ठाच्या आतील बाजूस शब्दसूचिकाराचे नाव छापले. ते पहिल्याच आवृत्तीत यावयास हवे होते.